मास्तरांच्या खांद्यावरचा कौल

येत्या रविवारी आपण सगळ्या गावासमोर नुसते बसणार आहोत, असं काशिनाथ मास्तरांनी जाहीर केलं तेव्हा माडबंदरात कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. नुसते बसणारे गावात पुष्कळ होते. धक्क्यावर होते, सलूनच्या बाकावर होते, ग्रामपंचायतीत तर पगार घेऊन बसलेले होते. मास्तरांचं बसणं मात्र कला म्हणून होतं, आणि हे ते जो भेटेल त्याला समजावून सांगत होते. समजावून घेतल्यावर माणूस "बरा, बरा" म्हणून लगबगीने निघून जायचा.

मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवत. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात त्यांचा तास गणिताचे मास्तर मागून नेत, आणि परत कधी देत नसत. त्या दिवाळीच्या सुट्टीत चित्रकला शिक्षकांच्या शिबिराला मास्तर मुंबईला गेले होते. तिथे एका दाढीवाल्या गृहस्थांनी पडद्यावर चित्रं दाखवली. परदेशात म्हणे कलाकार लोकांपुढे गप्प बसतो, शेजारी टेबलावर फुलापासून सुरीपर्यंत वस्तू मांडतो आणि सांगतो, मी हलणार नाही, बोलणार नाही, तुम्ही माझं वाटेल ते करा. कोणी फूल देतं, कोणी कपडे कापतं, कोणी सुरी गळ्याशी आणतं. "ह्यात धोका आहे, म्हणून ही कला आहे," असं ते गृहस्थ म्हणाले. बाकीचे शिक्षक तोवर चहाला गेले होते. मास्तरांच्या अंगावर मात्र काटा उभा राहिला, आणि तो माडबंदरला परत येईपर्यंत, म्हणजे तळेऱ्याला गाडी बदलून, पंक्चर काढून, उरलेली वाट उभ्याने करूनही, खाली बसला नव्हता.

एवढ्यावर प्रकरण मिटलंही असतं. पण शाळा कमिटीचे अध्यक्ष लवूशेट यांनी त्याच सुमारास चित्रकला बंद करून कार्यानुभव सुरू करायचं मनावर घेतलं. लवूशेट आंब्याचे व्यापारी, शिवाय देवळाचे पहिले मानकरी, त्यामुळे त्यांनी मनावर घेतलेली गोष्ट सहसा खाली उतरत नसे. कार्यानुभव म्हणजे माडाच्या हिरांचे झाडू आणि काथ्याच्या दोऱ्या, आणि ते शिकवणार काशिनाथ मास्तर. जी पोरं घरी आईशेजारी बसून रोज झाडू बांधत होती, त्यांना मास्तरांनी शाळेत झाडू शिकवायचे होते. मास्तरांना झाडू धरतासुद्धा येत नसे, याला त्यांची बायको आनंदी साक्ष होती.

मास्तर लवूशेटांच्या घरी ओटीवर गेले. बोलता बोलता मुंबईच्या त्या कलेपर्यंत विषय कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही.

लवूशेटांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. "मास्तर, गावाक तुमची कला कळता काय?"

"संधी मिळाली तर कळेल."

"मगे दाखवा. रविवारी बसा. दिवेलागणीपर्यंत गाव जाग्यावरसून उठलो नाय, तर चित्रकला रवली. आणि तुमी हललास, नायतर गाव उठलो, तर सोमवारपासून झाडू."

मास्तर हो म्हणून आले. घरी आल्यावर आनंदीने सगळं ऐकलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आणि कोणी कोयतो घातल्यान तर?"

"तोच तर धोका गो."

"आग लागो तुमच्या धोक्याक! आणि शर्टाक कात्री लावल्यानी तर? दिवाळीतलो शर्ट आसा तो." नवऱ्याच्या आधी शर्टाची काळजी केली असं कोणी म्हणेल, पण तो शर्ट तिने सहा महिने मागे लागून शिवून घेतला होता. शेवटी मास्तरांनी उघड्या अंगाने, जुनं सोवळं नेसून बसायचं असं ठरलं. सोवळ्याला भोकं आधीच होती.

आता परवानगी. तालुक्याच्या कचेरीत जो कारकून बसला होता त्याने मास्तरांना अदबीने खुर्ची दिली आणि मग तासभर उठू दिलं नाही.

"संहिता आणलीय?"

"संहिता नाही."

"संवाद?"

"संवादही नाहीत. मी नुसता बसणार."

"नुसतं बसायला परवानगी लागत नाही."

"मग मी येतो."

"असं कसं? लोक जमणार ना? लोक जमले की परवानगी लागते." कारकुनाने छापील कागद काढला. त्यात नाटक, तमाशा, सर्कस, जादूचे प्रयोग आणि कीर्तन एवढेच प्रकार होते. मास्तरांनी नाटकाला नकार दिला, सर्कशीचा अपमान वाटून घेतला, आणि जादू म्हटल्यावर तर ते उभेच राहिले. कारकून बिचारा भला माणूस होता. कीर्तनाला करमणूक कर नाही, असं सांगून त्याने कीर्तनावर खूण केली. अशा रीतीने आधुनिक कला माडबंदरात धार्मिक कार्यक्रम म्हणून दाखल झाली.

पोलीस चौकीत हवालदारांनी वस्तू बघायला मागवल्या. मास्तरांनी टोपली उपडी केली. कोयता, वस्तरा, दाभण, आनंदीची नजर चुकवून आणलेली कात्री, काडेपेटी. हवालदारांनी एकेक उचलून बाजूला ठेवली. "मास्तर, रक्त निघालं तर पंचनामा मी करू की तुम्ही कराल?" मग राहिलं काय, तर फुलं, हळदकुंकू, तांदूळ, मोरपीस, पाण्याचा तांब्या आणि नारळ. नारळ मास्तरांनी खरं तर घातक वस्तूंत धरला होता, डोक्यात घातला तर माणूस आडवा होतो. पण कोकणातल्या हवालदाराला नारळ हे हत्यार आहे हे पटवणं कोणालाही जमलं नसतं. मास्तर टोपली घेऊन परतले ते फार खिन्न होऊन. धोका निम्म्याहून जास्त चौकीत जमा झाला होता.

शाळेच्या हॉलमध्ये लवूशेटांच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या, त्या हलवणं शक्य नव्हतं. म्हणून देवळाचा सभामंडप मिळाला. तो मोकळाच होता, कारण झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करायला घेतला होता. कोल्हापूरहून आलेले कारागीर लेप देऊन गेले होते, तो सुकेपर्यंत गाभारा बंद, देव तेवढ्यापुरता कलशात. ह्याचा एक परिणाम मास्तरांच्या लक्षात आला नाही, आणि चित्रकलेच्या माणसाकडून ती अपेक्षाही नाही. गाभारा बंद म्हणजे कौल बंद. ह्या मुलखात म्हैस विकायची झाली, मुलीचं ठरवायचं झालं, भावाशी कोर्टात जायचं की नाही हे बघायचं झालं, की गुरव देवाला ओल्या पाकळ्या, म्हणजे कळे, लावतो आणि लोक हात जोडून उभे राहतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाय. दिवाळीपासून गावाचे सगळे प्रश्न तुंबून राहिले होते.

रविवारी दुपारी शेजारचे भाई आले. भाई मुंबईच्या गोदीत नोकरी करून आलेले, तेव्हा त्यांना कशाबद्दलही सल्ला देता येत असे. त्यांनी मास्तरांना वाटाण्याची उसळ खाऊ नका म्हणून बजावलं, ते योग्यच होतं. मग म्हणाले, "उघड्या अंगान बसतलास. देवळातलो मच्छर म्हायत आसा मां? खोबरेल चोळा, बरा जाडसर." मास्तरांनी चोळलं. आनंदीने पाठीलाही लावून दिलं. कृष्णवर्णी, धिप्पाड काशिनाथ मास्तर सोवळं नेसून, तेलाने चकचकीत होऊन मंडपात चौरंगावर मांडी घालून बसले, पुढे फुलं, कुंकू, तांदूळ, नारळ. बंद गाभाऱ्याचं दार बरोबर त्यांच्या पाठीमागे होतं. काही चुकतंय असं त्या क्षणी कोणाला वाटलं असेल तर तो बोलला नाही.

शेजारच्या फळ्यावर मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की कलाकार बोलणार नाही व हलणार नाही, प्रेक्षकांनी समोरच्या वस्तू घेऊन वाटेल ते करावं. भाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या रांगेत लवूशेट घरून आणलेल्या खुर्चीवर बसले होते.

पहिला काही वेळ फार वाईट गेला. कोणी हलेना. पोरं खिदळत होती. मागच्या रांगेतला एकजण जांभई देऊन उठायला लागला. मास्तरांना हिरांचे झाडू दिसायला लागले.

तेवढ्यात नर्मदाअक्का उठली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई ती, तिला दिसतं कमी आणि शंका जास्त. ती काठी टेकत पुढे आली, मास्तरांकडे खूप वेळ बघत राहिली, आणि तिने वाकून चौरंगाला हात लावला. "बा देवा," ती म्हणाली, "माझी म्हस गाभण आसा काय नाय, ता सांग." मग तिने गुरवाला हाक मारली. "मेल्या, बघतंस काय? कळे लाव."

गुरव गडबडला. "अक्का, ते मास्तर आसत."

"आसांदे. हलणा नाय, बोलणा नाय. देव आणि वेगळो काय करता? आणि थय लिवलेला आसा मां, वाटात ता करा म्हणान?"

फळ्यावर खरंच तसं लिहिलेलं होतं. शिवाय दिवाळीपासून कौल लावल्यावाचून गुरवालाही सुचेनासं झालं होतं. त्याने फुलाच्या दोन पाकळ्या तांब्यात बुडवल्या आणि मास्तरांच्या दोन्ही खांद्यांखाली चिकटवल्या. मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, हे नव्हे, ही कला आहे. पण ओरडलं तर झाडू. खोबरेलावरून उजवी पाकळी सरळ घसरली.

"गाभण आसा!" अक्का म्हणाली, आणि मंडपात एकदम सगळे सावरून बसले. उठायला निघालेला माणूस खाली बसला, इतकंच नव्हे तर त्याने पोराला धाडून घरातल्यांना बोलावून घेतलं.

मग रांग लागली. गुरवाला उत्साह चढला. तो दर माणसाचं गाऱ्हाणं खड्या आवाजात घालू लागला. "बा देवा म्हाराजा! आज ही जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत, तेंच्या मनातली इच्छा पुरी कर रे म्हाराजा!" आणि सगळा मंडप एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचा. प्रेक्षकांचा एवढा सहभाग मुंबईच्या त्या दाढीवाल्या गृहस्थांनी जन्मात पाहिला नसेल. कोणी कुंकू लावलं, कोणी तांदूळ टाकले. मोरपिसाने एका पोराने नाकाला गुदगुल्या केल्या, तेव्हा त्याच्या आईनेच त्याला धपाटा घातला. मास्तर आतल्या आत शिंक गिळत होते. अपमानाने त्यांचे कान तापले होते. पण गाव उठत नव्हतं, हेही त्यांना दिसत होतं.

मग बाबली आणि महादू पुढे आले. सख्खे भाऊ, बांधावरच्या फणसावरून देवगडच्या कोर्टात भांडत म्हातारे व्हायला आलेले. एकमेकांकडे न बघता दोघं मास्तरांसमोर उभे राहिले. उजवी पडली तर फणस बाबलीचा, डावी पडली तर महादूचा, आणि कोर्ट बंद. गुरवाने पाकळ्या लावल्या. दोन्ही चिकटून राहिल्या. मास्तरांच्या डाव्या खांद्यावर एक माशी येऊन बसली.

आता मास्तरांना खरा घाम फुटला. माशी पाकळीकडे चालली होती. खांदा जरा उडवला तर माशी जाईल, पण पाकळीही जाईल. न उडवला तर माशी ठरवणार. त्यांनी श्वास धरला, आणि मग आपण श्वास धरला हीदेखील ढवळाढवळच झाली, असं मनात येऊन सोडला. दाढीवाल्यांनी सांगितलं होतं, लोक तुम्हाला इजा करतील हा धोका. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील, ह्याबद्दल ते काही बोलले नव्हते. डावी पाकळी पडली. बाबलीने तोंड वेडंवाकडं केलं, डोळे पुसले, आणि महादूच्या खांद्यावर हात ठेवला. "घे. पण गरे धाडीत जा." महादू रडायलाच लागला. सगळा मंडप "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि मास्तरांना वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. एका माशीने फणस दिला होता आणि नमस्कार त्यांना होत होता.

ऊन उतरलं. समई पेटवायला अजून थोडा वेळ होता. लवूशेट खुर्चीवरून उठले आणि चौरंगापुढे आले. लवूशेटांनी इतका वेळ हिशेब केला असणार. गाव उठलेलं नाही, मास्तर हललेले नाहीत, म्हणजे शब्द द्यावा लागणार. पण गावासमोर मास्तरापुढे हरणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"गुरवा," ते म्हणाले, "माझोय एक प्रश्न आसा. शाळेत चित्रकला ठेवची काय नाय? उजवी पडली तर ठेवतंय. डावी पडली, तर माका बोल लावू नका. देवानच सांगितला असा होतला."

गुरवाने मास्तरांकडे बघितलं आणि नजर चुकवत पाकळ्या लावल्या.

मास्तर समोर बघत होते. खोबरेल आता घामाने वाहून गेलं होतं, पाकळ्या बसल्या त्या बसल्या. उजवा खांदा एवढासा, कोणाला दिसणारही नाही इतका हलवला, की जन्मभराचे तास वाचणार होते. पण मघाशी बाबलीच्या फणसावर खांदा हलवला नव्हता, तर आपल्या पोटासाठी कसा हलवायचा? मास्तरांनी तो हलवला नाही. हे त्यांनी कोणाला नंतर सांगितलं नाही, सांगून कोणी खरं मानलंही नसतं. डाव्या पाकळीचं टोक सुटलं. ती वाकली.

"थांबा!" बायकांच्या बाजूने आवाज आला. आनंदी उठली होती. ती तरातरा पुढे आली आणि तिने दोन्ही पाकळ्या दोन बोटांनी ओरबाडून काढल्या.

मंडपात हलकल्लोळ झाला. "कौलाक हात लावल्यान!" गुरव किंचाळला.

"लावलंय," आनंदी म्हणाली. ती मागे सरली नाही. "फळ्यार लिवलेला आसा, वाटात ता करा. तुमी म्हशी इचारल्यात, फणस इचारल्यात. शेटांनू, पंधरा वर्सां ह्यो माणूस तुमच्या शाळेत चित्रां शिकयता. तेचा काय म्हणणा आसा, ता फुलाक कित्याक इचारतास? तेका तोंड आसा. तेकाच इचारा."

लवूशेट गोंधळले. असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्यांनी घसा साफ केला, सगळं गाव बघत होतं. मग कमिटीत बोलतात तसे शुद्ध बोलले, "मास्तर, तुम्हाला काय वाटतं? चित्रकला ठेवावी का?"

पंधरा वर्षांत मास्तरांना कोणी, काहीही, विचारलं नव्हतं. वेळापत्रक करताना नाही, तास काढून घेताना नाही. विचारलं ते अशा वेळी, की जेव्हा त्यांनी गप्प राहण्याची प्रतिज्ञा केली होती. समई अजून लागली नव्हती. बोलले तर कला बुडाली, आणि कदाचित पैजही. नाही बोलले तर पुन्हा कोण विचारणार होतं? समोर आनंदी उभी होती, मुठीत चुरगळलेल्या पाकळ्या धरून, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ठेवा," काशिनाथ मास्तर म्हणाले.

मग नर्मदाअक्काने दोन्ही हात कपाळाला लावले. "देव बोललो गे बाये!" आणि पाचशे माणसं एकदम ओरडली, "व्हय म्हाराजा!" लवूशेटांनी इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांनाही म्हणावं लागलं, "व्हय म्हाराजा."

पैजेचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. चित्रकलेचे तास राहिले, आणि गणिताचे मास्तर ते मागायला येईनासे झाले. लोकांनी मास्तरांना पायावर पाणी घालून घरी पोचवलं.

घरी आल्यावर मास्तर ओटीवर मान खाली घालून बसले. पायांना मुंग्या आल्या होत्या, कपाळाचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. आनंदीने गरम पाणी आणलं आणि ती पदराने त्यांचं तोंड पुसू लागली.

"समई लागण्याआधी बोललो मी," मास्तर म्हणाले. "तास रवले गो. पण कला बुडाली."

"बुडांदे," आनंदी म्हणाली. "दुपारपासून जीव मुठीत धरून बसलंय. तुमका देव करूक गाव आसा. माका दगडाचो न्हवरो नको होतो."